आजीच्या गोष्टी

आजीच्या गोष्टी : घरातील वृद्ध माणसांनी, विशेषतः आजी व आजोबांनी, नातवंडांना तोंडी सांगितलेल्या कथा. लोककथेचा हा एक घरगुती प्रकार होय. कीर्तन, भारूड, पोवाडा, गोंधळ इ. प्रकारांना जमलेला श्रोतृवर्ग, ठरावीक प्रसंग आणि बहुधा व्यवसायाने बांधलेला कलावंत लागतो. आजीच्या गोष्टीला यांपैकी काहीच लागत नाही. सांगणारे एक माणूस, ऐकणारी दोनचार मुले आणि कामातून मोकळा झालेला थोडा वेळ एवढ्यावर ती उभी राहते. त्यामुळेच ती सर्वांत टिकाऊ ठरली आणि त्यामुळेच तिची नोंद सर्वांत उशिरा झाली. कन्नडमध्ये अशा कथांना ‘अज्जी कथे’ म्हणतात, तर बंगालीत दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांच्या ठाकुरमार झुलि (१९०७) या संग्रहाच्या नावातच आजी आहे. जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या संग्रहानेही (१८१२) ‘मुलांच्या व घरच्या कथा’ असेच नाव धारण केले होते. तेव्हा घर, वृद्ध माणूस व मूल यांचा कथेशी असलेला संबंध एका भाषेपुरता मर्यादित नाही, हे उघड आहे. प्रस्तुत लेखात या परंपरेचा इतिहास महाराष्ट्रापुरता, आणि त्यातही पुणे जिल्ह्यातील मावळ भाग समोर ठेवून, दिला आहे.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी : सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या आणि इंद्रायणी व पवना या नद्यांच्या खोऱ्यांनी बनलेल्या प्रदेशास मावळ म्हणतात. कार्ले येथील कोरीव लेखांतील ‘मामालाहार’ हा उल्लेख याच प्रदेशाचा मानला जातो. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ हे त्याचे परंपरागत विभाग. भात हे मुख्य पीक, पावसाळा प्रदीर्घ व मुसळधार. मराठा शेतकरी कुटुंबांबरोबरच महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर, तसेच बलुतेदार समाजांची वस्ती येथे पूर्वीपासून आहे. तालुक्याच्या पूर्व भागातील परंदवडी, उर्से, सोमाटणे यांसारखी गावे घाटाकडे जाणाऱ्या जुन्या वाटांच्या आणि आजच्या पुणे–मुंबई लोहमार्गाच्या व महामार्गाच्या पट्ट्यात येतात. प्राचीन काळी कोकणातील बंदरांकडून देशावर येणारा व्यापार बोरघाटाच्या परिसरातून चढत असे व त्याच मार्गालगत कार्ले, भाजे व बेडसे ही बौद्ध लेणी खोदली गेली. या परिसरातील लेणी, जुन्या वाटा आणि ग्रामदेवता यांचा परस्परसंबंध दा. ध. कोसंबी यांनी अभ्यासिला असून त्यांच्या मिथ अँड रिॲलिटी (१९६२) या ग्रंथात त्याचे विवेचन आहे.

भातशेतीच्या जीवनक्रमात घरातील कर्ती पिढी आवणीपासून झोडपणीपर्यंत खाचरात असे. लहान मुले आणि वृद्ध माणसे घरी किंवा बांधावर मागे राहत. मुलांना सांभाळणे, त्यांना जेवू घालणे, निजविणे ही कामे त्यामुळे स्वाभाविकपणेच आजी-आजोबांकडे येत. गोष्ट हा या सांभाळाचाच एक भाग होता. ती करमणूक म्हणून वेगळी काढलेली नव्हती. मधली पिढी ओलांडून पहिल्या पिढीकडून तिसऱ्या पिढीकडे ज्ञान जाण्याची ही व्यवस्था होती. तिच्यामुळे सुनेच्या माहेरच्या गोष्टी, सासूच्या माहेरच्या गोष्टी आणि गावच्या गोष्टी एका घरात एकत्र येत. स्त्री लग्नानंतर गाव बदलते, तेव्हा तिच्याबरोबर तिच्या आजीच्या गोष्टीही दुसऱ्या गावी जातात. एकच कथा खोऱ्याखोऱ्यांतून थोड्याफार फरकाने का आढळते, याचे एक कारण या विवाहसंबंधांत सापडते.

कथनाची वेळ व रीत : गोष्ट बहुधा दिवेलागणीनंतर, जेवण झाल्यावर सांगितली जाई. दिवसा गोष्ट सांगितली, तर मामा वाट चुकतो, अशी समजूत भारताच्या अनेक प्रदेशांत आढळते. कामाच्या वेळी मुलांनी व वृद्धांनी गोष्टींत रमू नये, हा तिचा व्यावहारिक हेतू असावा. पावसाळ्यात घराबाहेर पडणे अशक्य होई, तेव्हा चुलीजवळ किंवा घोंगडीखाली गोष्टींना भरपूर वाव मिळे. श्रावणात व्रतांच्या कहाण्यांची त्यांत भर पडे.

मुलाच्या वयाप्रमाणे कथनाच्या पायऱ्या ठरलेल्या असत. अगदी तान्ह्या मुलाला बोटांचे खेळ, बडबडीची नादमय वाक्ये व घास भरवतानाचे काऊ-चिऊ पुरत. दोनतीन वर्षांच्या मुलाला एकच घटना पुनःपुन्हा घडणाऱ्या साखळीकथा आवडत. पाचसहा वर्षांनंतर राजा-राणी, राक्षस, चतुर कोल्हा, लबाड माकड इत्यादींच्या लांबट कथा येत, आणि त्यानंतर देवादिकांच्या, शूरांच्या व गावच्या गोष्टी. ठरावीक सुरुवात व ठरावीक शेवट हे या कथनाचे एक वैशिष्ट्य होय. ‘आटपाट नगर’ हे नाव उच्चारताच ऐकणाऱ्यास आपण नेहमीच्या जगातून बाहेर पडलो, हे कळते. हे नगर कोठे होते, असे कोणी विचारीत नाही.

मूल हे या कथनात केवळ श्रोता नसते. प्रत्येक वाक्यागणिक त्याने हुंकार द्यावा लागतो. हुंकार थांबला, की मूल झोपले असे समजून गोष्ट थांबते. सांगणाऱ्याने एखादा तपशील बदलला, तर मूल चूक दाखवून देते. गोष्टींचा हट्ट पुरविणे अशक्य झाले, की आजी कापूसकोंड्याची गोष्ट काढी. तीत गोष्ट अशी नसतेच. मूल जे उत्तर देईल तेच उचलून पुन्हा तोच प्रश्न विचारीत राहावयाचे. धान्याच्या कोठारातून एकेक दाणा नेणाऱ्या चिमणीची कथाही याच जातीची. न संपणारी कथा सांगून गोष्ट संपविण्याची ही युक्ती सांगणारा व ऐकणारा यांच्यातील सलगीवाचून शक्य नाही.

कथांचे प्रकार : आशयाच्या दृष्टीने या कथांचे स्थूलमानाने पाच गट पाडता येतात. (१) प्राणिकथा व साखळीकथा : काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते व तो चिऊच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो, ही कथा मराठी मुलाची बहुधा पहिली कथा असते. चिंधी मिळालेला उंदीर शिंप्याकडून टोपी शिवून घेतो व राजाला वाकुल्या दाखवितो, ही कथाही तितकीच प्रसिद्ध आहे. लेकीकडे निघालेली हडकुळी म्हातारी वाटेतील वाघ-कोल्ह्यांना, परत येताना लठ्ठ होऊन येईन तेव्हा खा, असे सांगते आणि भोपळ्यात बसून सुखरूप परतते. बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या टुनटुनिर बई (१९१०) या संग्रहात हीच म्हातारी भोपळ्यात बसलेली दिसते आणि इराणमध्येही गडगडत्या भोपळ्यातील म्हातारीची कथा मुलांना सांगतात. या कथेची नायिका स्वतःच एक म्हातारी असून ती बळाने नव्हे, तर वेळ मारून नेण्याच्या चातुर्याने जिंकते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

(२) अद्‌भुतकथा : सात समुद्रांपलीकडील पिंजऱ्यातल्या पोपटात राक्षसाचा जीव असणे, सावत्र आईने छळलेल्या मुलांनी झाडाफुलांचे रूप घेणे, आवडती व नावडती राणी ही त्यांतील नेहमीची कथाबीजे. (३) व्रतकथा किंवा कहाण्या : या मुख्यतः श्रावणात व चातुर्मासात सांगितल्या जातात. श्रोत्या प्रौढ स्त्रिया असल्या, तरी हातात अक्षता घेऊन मुलेही बसतात. श्रावणी शुक्रवारी पूजिली जाणारी जिवती ही तर लेकराबाळांचे रक्षण करणारीच देवता होय. (४) पौराणिक व संतकथा : श्रीधराचे हरिविजय (१७०२), रामविजय (१७०३) व पांडवप्रताप (१७१२) आणि महिपतीचा भक्तविजय (१७६२) या ग्रंथांचे वाचन गावोगावच्या देवळांत चाले. अक्षरओळख नसलेले आजोबा रात्री देवळात पोथी ऐकत व दुसऱ्या दिवशी तीच कथा नातवाला आपल्या शब्दांत सांगत. ग्रंथ व मौखिक परंपरा यांच्यातील हा महत्त्वाचा दुवा होय. (५) स्थलकथा : यांत गाव, डोह, डोंगर, किल्ला, देवराई यांविषयीच्या कथा मोडतात.

मावळात स्थलकथांचे भांडार विशेष समृद्ध आहे. कार्ल्याच्या लेण्यांशेजारील एकवीरेचे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, अशी आख्यायिका सांगतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना व राजमाची हे किल्ले नजरेसमोर असल्यामुळे शिवकालातील पराक्रमांच्या कथांना येथे बोट दाखवून सांगता येईल असे स्थळ मिळते. पुरंदरच्या तहात (१६६५) मोगलांकडे गेलेला लोहगड १६७० मध्ये परत स्वराज्यात आला, हा इतिहास पुस्तकातून कळण्यापूर्वी गोष्टीतून कळलेली मुले अनेक असत. शेजारच्या देहूला इंद्रायणीच्या डोहातून तुकारामांची गाथा वर आली, ही कथाही येथे परक्या गावची वाटत नाही. नदीच्या खोल डोहात साती आसरा राहतात, देवराईतील काटकी उचलली तर देव कोपतो, वाघोबाचा मान न राखल्यास गुरे दगावतात, अशा कथांत भयाचा अंश असतो. तथापि मूल डोहाकाठी एकटे जाऊ नये, राईवर कुऱ्हाड पडू नये व रानातून सावधपणे वावरावे, हे त्या भयाचे प्रयोजन होते. पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात केला, तेव्हा या राया टिकून राहण्यामागे धार्मिक श्रद्धेचा मोठा वाटा असल्याचे दिसून आले. अशा श्रद्धा घराघरांतून मुलांपर्यंत पोहोचविण्याचे एक साधन म्हणजे गोष्ट होय.

प्राचीन वाङ्मयातील खुणा : महाराष्ट्र व कथा यांचे नाते फार जुने आहे. गुणाढ्याची पैशाची भाषेतील बृहत्कथा आज उपलब्ध नाही. परंतु अकराव्या शतकातील सोमदेवाच्या कथासरित्सागरात तिच्याविषयीची आख्यायिका आली आहे. तीनुसार प्रतिष्ठान (पैठण) येथील सातवाहन राजाने लोकभाषेतील हा ग्रंथ अव्हेरल्यामुळे गुणाढ्याने अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकले आणि सात लक्ष श्लोकांपैकी केवळ एक लक्ष वाचले. आख्यायिका म्हणून तिचे ऐतिहासिक मूल्य मर्यादित असले, तरी दरबाराने नाकारलेल्या कथेला रानात श्रोते मिळाले, ही कल्पना मौखिक कथेच्या स्थितीवर नेमके बोट ठेवते.

मराठीपुरता याहून निश्चित पुरावा महानुभाव वाङ्मयात मिळतो. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस (सु. १२७८) संकलित केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरांच्या तोंडी काऊ-चिऊची कथा आली आहे. तेथे चिऊच्या जागी साळै आहे. मात्र शेणाचे घर, मेणाचे घर आणि पावसानंतर बंद दारापाशी आलेला कावळा हा कथेचा गाभा तोच आहे. याचा अर्थ असा, की सातशेहून अधिक वर्षे ही कथा मराठी घरांतून फारशी न बदलता चालत आली आहे. या काळात राज्ये बदलली, लिपीचे वळण बदलले, भाषेची रूपे बदलली. कथा टिकविण्यासाठी कोणतीही संस्था नव्हती. लीळाचरित्राच्या पोथ्यांपैकी अनेक सांकेतिक लिपीत असल्यामुळे विसाव्या शतकापर्यंत त्या सामान्य वाचकास अपरिचितच होत्या. तेव्हा आजच्या आजीपर्यंत ही कथा ग्रंथातून आलेली नसून तोंडातोंडीच आलेली आहे, असे मानावे लागते. केसोबासाने संकलित केलेल्या दृष्टान्तपाठातही लोकांत रूढ असलेल्या अनेक लहान कथांचा उपयोग तत्त्वबोधासाठी केलेला दिसतो.

संकलनाचा इतिहास : या कथा मुद्दाम ऐकून लिहून घेण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर (कार. १८६२–६७) हे १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असता त्यांची कन्या मेरी फ्रिअर त्यांच्यासोबत होती. तिच्या सेवेत असलेल्या ॲना लिबेराता डिसूझा या आयेने वेळोवेळी सांगितलेल्या कथा तिने उतरून घेतल्या व ओल्ड डेक्कन डेज या नावाने १८६८ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केल्या. ॲनाचे घराणे मूळचे लिंगायत असून तिच्या आजोबांच्या काळी ख्रिस्ती झाले होते. या कथा तिने लहानपणी आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. मेरी फ्रिअरने कथांबरोबर ॲनाने सांगितलेली स्वतःची जीवनकहाणीही छापली. त्या काळच्या संकलनांत सांगणाऱ्याचे नाव क्वचितच येई. त्यामुळे या ग्रंथाचे महत्त्व विशेष आहे. त्यातील पोपटात जीव असलेल्या जादूगाराची कथा पुढे सर जेम्स फ्रेझर याच्या द गोल्डन बाउ या ग्रंथातील चर्चेमुळे जगभराच्या अभ्यासकांना परिचित झाली.

या ग्रंथात आणखी एक उल्लेखनीय गोष्ट आहे. पूर्वी वृद्ध माणसांना गोष्टी सांगण्याची हौस असे, आता त्यांचे लक्ष पैशाकडे लागले आहे, अशी खंत ॲनाने व्यक्त केली आहे. ही परंपरा लोप पावत असल्याची तक्रार किती जुनी आहे, हे यावरून दिसते. परंपरा संपत आल्याचे विधान करणाऱ्या प्रत्येक पिढीने ती निदान ऐकलेली असते. म्हणून अशा विधानांचा स्वीकार सावधपणे करावा लागतो.

चा. ऑ. किंकेड यांनी मराठीतील व्रतकथांचे इंग्रजी रूपांतर डेक्कन नर्सरी टेल्स (१९१४) या नावाने प्रसिद्ध केले. त्यास म. वि. धुरंधर यांची चित्रे आहेत. वस्तुतः कहाण्या या प्रौढ स्त्रियांच्या व्रतविधीचा भाग. त्या शिशुकथा म्हणून इंग्रजी वाचकांपुढे आल्या, यावरून घरगुती कथेचे धार्मिक व बालरंजनात्मक असे काटेकोर विभाग पाडणे किती कठीण आहे, हे ध्यानात येते. ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांमार्फत जमविलेली माहिती त्यांच्या मृत्यूनंतर आर्. ई. एंथोवेन यांनी संपादिली. तीत लोकसमजुतींची विपुल नोंद आहे.

मराठी अभ्यासकांनी हे कार्य विसाव्या शतकात अधिक आत्मीयतेने केले. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा केल्या. दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांच्या लोकसाहित्याची रूपरेखा (१९५६) या ग्रंथाने अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली. सरोजिनी बाबर (१९२०–२००८) यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने जिल्ह्याजिल्ह्यांतील गीते, कथा, उखाणे, खेळ यांचे अनेक खंड प्रसिद्ध केले. मावळ व मुळशी या डोंगराळ भागांत हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावच्या स्त्रियांच्याच साहाय्याने जात्यावरच्या ओव्यांचे संकलन हाती घेतले. पुढे ते महाराष्ट्रभर विस्तारले व एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. या कार्यात गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव ओवीबरोबर नोंदविले गेले. पहाटे आजीच्या मांडीवर डोके ठेवून निजलेल्या मुलाच्या कानी जात्याच्या घरघरीबरोबर सीतेच्या वनवासाची हकीगत पडे. म्हणून ओवी व गोष्ट यांचा उगम एकाच ठिकाणी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. ओव्यांच्या मानाने घरगुती कथांचे असे नामगावासह संकलन मात्र फारच थोडे झाले आहे.

मुद्रण व शाळा : मुलांसाठी मराठीत छापलेल्या पहिल्या कथा आजीच्या नव्हत्या. तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने छापलेले बालबोधमुक्तावली (१८०६) हे पुस्तक तसेच सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचे इसपनीतिकथा (१८२८) ही इसापच्या कथांची भाषांतरे होत. छत्र्यांचे बाळमित्र (१८२८) हेही मूळ फ्रेंच पुस्तकावर आधारित आहे. म्हणजे मराठी घरांत काऊ-चिऊ, उंदीर, म्हातारी नांदत असताना शाळेत मात्र ग्रीक कोल्हा प्रथम दाखल झाला. नीतिबोध हा शालेय कथेचा मुख्य हेतू असल्याने प्रत्येक कथेच्या शेवटी तात्पर्य देण्याची पद्धत रूढ झाली. आजीच्या गोष्टीला तात्पर्य नसते. चिऊने दार उशिरा उघडले हे योग्य की अयोग्य, याचा निर्णय ती मुलावर सोपविते. गुजरातमधील शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी वार्तानुं शास्त्र (१९२५) या ग्रंथात कथेला बोधाचे शेपूट जोडण्यास विरोध केला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी महाराष्ट्रातील बालशिक्षणात कथाकथनाला स्थान मिळवून दिले.

विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध (१८८१), वासुदेव गोविंद आपटे यांचे आनंद (१९०६), मद्रासहून निघणाऱ्या चांदोबाची मराठी आवृत्ती (१९५२) आणि महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाचे किशोर (१९७१) या मासिकांनी घरगुती कथांना छापील रूप दिले. यामुळे कथा सर्वांना उपलब्ध झाल्या. मात्र अनेक पाठांपैकी एकच पाठ प्रमाण ठरू लागला, बोलीचे रंग फिके पडले आणि क्रूर वाटणारे शेवट गाळले गेले. काही कथनांत चिऊ कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसविते व तो भाजतो. छापील पुस्तकांत हा भाग बहुधा सौम्य केलेला असतो. अर्थात या बदलाची दुसरी बाजूही आहे. सावत्र आई दुष्टच असणे, नावडती राणी रूपाने उणी असणे, मुलगा झाल्यावाचून स्त्रीचे दुःख न संपणे अशा कल्पना जुन्या कथांत मुक्तपणे वावरतात. त्या जशाच्या तशा पुढे चालवाव्यात, असे म्हणता येणार नाही. उत्तम सांगणाऱ्या आजीनेही आपल्या काळाप्रमाणे कथेत फेरफार केलेच असले पाहिजेत.

स्थित्यंतर : मावळाचे जीवन गेल्या दीड शतकात वेगाने पालटले. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत लोहमार्ग १८५८ मध्ये आला व १८६३ मध्ये बोरघाटातून मुंबईशी जोडला गेला. घाटमाथ्यावरील तरुणांना मुंबई जवळ झाली. १८९० च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायातील बहुसंख्य माणसे मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, मुळशी या भागांतील आहेत. कर्ता पुरुष मुंबईत व बायकामुले गावी, ही अशा घरांची जुनी घडी. तीत आजी-आजोबांचे महत्त्व कमी न होता वाढलेच. बाप दूर असलेल्या मुलाचे सायंकाळचे जग आजोबांनी भरून काढले. यांत्रिक दळणवळणाने मौखिक परंपरा तत्काळ नष्ट होते, हा समज यामुळे खरा ठरत नाही.

खरा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाल्यानंतर पुणे–लोणावळा पट्ट्यात उद्योग वाढत गेले. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्याने पहाटेचे जाते थांबले. पवना धरणाच्या जलाशयाखाली अनेक गावांची जमीन गेली आणि त्यांच्या स्थलकथांचे डोह, वाटा व राया पाण्याखाली गेल्या. स्थळ दाखविता येत नाही, तेव्हा स्थलकथा प्रथम आठवण होते व पुढे विसरली जाते. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांतच दिवेलागणीनंतरचा, म्हणजे नेमका गोष्टीचा, वेळ दूरचित्रवाणीने घेतला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यावर जमिनींचे मोल बदलले. परंदवडीच्या परिसरातही शेतीबरोबर उद्योग व नवी वसाहत आली. संपूर्ण कुटुंबच शहरात गेले, तर आजी गावी व नातू शहरात अशी स्थिती निर्माण होते. पूर्वी मधली पिढी दूर असे, आता पहिली व तिसरी पिढी एकमेकींपासून दूर आहेत. या परंपरेच्या इतिहासातील हा सर्वांत निर्णायक फरक होय.

दुसरीकडे काही नवे मार्गही दिसतात. दोन्ही पालक नोकरी करीत असलेल्या घरांत आजी-आजोबा पुन्हा मुलांचे सांभाळकर्ते झाले आहेत. परदेशी असलेल्या नातवंडांना भ्रमणध्वनीवरून गोष्ट सांगणारे वृद्ध आढळतात, आणि चित्र दिसत असल्याने हुंकारही मिळतो. ठाणे जिल्ह्यातील फांगणे (ता. मुरबाड) येथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’त वृद्ध स्त्रिया अक्षरे शिकू लागल्या व घरी नातवंडे त्यांचा अभ्यास घेऊ लागली. ज्ञान नातवाकडून आजीकडे जाण्याचा हा उलटा प्रवास जुन्या व्यवस्थेशी विसंगत नाही. दोघांनी एकत्र बसणे हा तिचा पाया येथे कायमच आहे.

महत्त्व : आजीच्या गोष्टींचे मूल्य केवळ कथानकांत नाही. कथानके ग्रंथांत, मासिकांत व ध्वनिमुद्रणांत सुरक्षित राहू शकतात आणि त्यांतील पुष्कळशी राहिली आहेत. परंतु लीळाचरित्राची पोथी अपरिचित असताही काऊ-चिऊची कथा जिवंत राहिली, यावरून तिचे खरे आश्रयस्थान पोथी नसून सांगणारे माणूस व हुंकार देणारे मूल यांचा रोजचा सहवास होय, हे सिद्ध होते. श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत राजाच्या आज्ञेने घरोघरचे सर्व दूध देवळात ओतूनही गाभारा भरत नाही. एक म्हातारी आधी घरातील मुलांना, लेकीसुनांना व गाईवासरांना तृप्त करते, उरलेले खुलभर दूध वाहते आणि गाभारा भरून जातो. घरातील लहानांना आधी देऊन उरते ते थोडके असले तरी पुरते, हा या कहाणीचा आशय या संपूर्ण परंपरेलाही लागू पडतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य आज्यांची नावे कोणत्याही संग्रहात आलेली नाहीत. ज्यांनी ही कथा सातशे वर्षे वाहून आणली त्या त्याच होत. त्यामुळे पुढील संकलनात कथेइतकेच सांगणारीचे नाव, तिचे माहेर व तिने ती कोणाकडून ऐकली याची नोंद होणे अगत्याचे आहे.